नावांचा पाठ : कोळ्याच्या जाळ्यापासून हजेरीपटापर्यंत

इयत्ता चौथी-पाचवीच्या भाषाविषयात 'माझे नाव' या धर्तीचा स्वाध्याय बहुतेक शाळांतून घेतला जातो. शिक्षक फळ्यावर प्रश्न लिहितात, 'तुझ्या नावाचा अर्थ काय?', आणि एकेका मुलास उभे करतात. प्रकाश, ज्योती, विजय, सुमन यांची उत्तरे चटकन येतात. मग पाळी दगडूची येते आणि वर्ग हसतो. त्यानंतर एखादी नकुसा उभी राहते, किंवा उभी राहतच नाही. शिक्षकांचा हेतू शुद्ध असतो, प्रश्नही चांगला असतो. परंतु त्या पाच मिनिटांत मुलाच्या मनास जी जखम होते, ती पुढे वर्षभर ममतेने वागवूनही भरून येईल याची खात्री नसते.

म्हणून हा पाठ येथे निराळ्या क्रमाने मांडला आहे. नावाचा अर्थ शोधण्याची रीत मुलांनी प्रथम अशा एखाद्या प्राण्याच्या नावावर शिकावी, की ज्याला स्वतःच्या नावाचे काही सुखदुःख नाही. असा प्राणी शाळेच्या आढ्याला, खिडकीच्या गजांत आणि आवाराच्या कुंपणावर बारमाही हजर असतो. तो म्हणजे कोळी. परिसर-अभ्यास व भाषा या दोन्ही विषयांच्या तासिका जोडून घेतल्यास हा पाठ तीन दिवसांत सावकाश पुरा होतो.

पहिला दिवस : कुंपणापाशी

पावसाळा सरल्यानंतरच्या दवाच्या सकाळी या कामास फार सोयीच्या. सकाळची शाळा असेल तर प्रार्थनेनंतर लगेच मुलांना आवारात न्यावे. ऊन चढले की दव वाळते आणि जाळी दिसेनाशी होतात. मुलांनी जाळ्यास हात लावू नये व कोळी पकडू नये, ही सूचना निघण्यापूर्वीच द्यावी. शाळेत भिंग असल्यास बरोबर घ्यावे.

पुष्कळ मुलांच्या मते कोळी हा कीटक आहे, आणि काही जुन्या वाचनपाठांतूनही तसे छापलेले आढळते. ही समजूत जागेवरच दूर करावी. कीटकास सहा पाय व मिशा असतात; कोळ्यास आठ पाय असून मिशा नसतात. कीटकाच्या शरीराचे तीन भाग पडतात, कोळ्याचे दोनच. मुलांनी हे पाठ म्हणून दाखविण्यापेक्षा भिंगातून मोजून सांगावे.

त्यानंतर जाळ्यांकडे वळावे. चाकाच्या आऱ्यांसारखे गोल, रेखीव जाळे मुले प्रथम दाखवितात. ते पाहून झाले की शिक्षकांनी त्यांना दुसऱ्या प्रकारच्या जाळ्यांकडे न्यावे. कारण या पाठाचे खरे साहित्य तेच आहे. वाळलेल्या गवताच्या तुऱ्यावर किंवा झुडपाच्या शेंड्यावर कधी कधी दोन-तीन बोटे रुंदीची, गुंतागुंतीची बारीक जाळी दिसते. तिच्यात लपून बसणारा कोळी तिळाएवढा, म्हणजे दोन ते चार मिलीमीटर लांबीचा असतो. बाभळीवर, बोरीवर किंवा काटेरी कुंपणावर याहून पुष्कळ मोठा असा एक मळकट करडा गोळा आढळतो. त्यात वाळकी पाने व किड्यांची टरफले गुंतलेली असतात, आणि त्याच्या भोवती फांद्या-फांद्यांना ताणलेले जाळीचे पडदे असतात. त्या एका गोळ्यात अनेक कोळी एकत्र राहतात. कोळी हा प्राणी सहसा एकलकोंडा व आपल्याच जातभाईंवर तुटून पडणारा. म्हणून हे एकत्र कुटुंब मुलांना नवलाचे वाटते. संध्याकाळच्या सुमारास नाकतोडा जाळ्यात सापडला, तर तो ओढून आणण्यास चार-सहा कोळी मिळून लागलेले पाहावयास मिळतात. या जातीची आई आपल्या पिलांना स्वतःचा देहच खाऊ घालते व त्यातच संपते, हेही शिक्षकांनी जाणून असावे. मुलांना ते सांगावे की नाही, हे वर्ग पाहून ठरवावे.

तिळाएवढा कोळी आणि बाभळीवरचा कोळी ही दोन वेगळी कुळे आहेत. परंतु त्यांचे सूत काढण्याचे तंत्र एकच आहे. गोल जाळ्याच्या धाग्यावर भिंगातून पाहिल्यास चिकट द्रवाचे बारीक मणी दिसतात. भक्ष्य त्यास चिकटते. या जाळीच्या धाग्यावर मणी नसतात, धागा कोरडा असतो, तरी माशीचा पाय त्यातून सुटत नाही. याचे कारण असे, की या कोळ्यांच्या पोटाखाली, सूत काढणाऱ्या अवयवांच्या पुढे, एक चपटी पट्टी असते. तिच्यावर अतिसूक्ष्म छिद्रे असतात व त्यांतून अत्यंत तलम तंतू निघतात. चौथ्या जोडीच्या पायांवर ताठ केसांची एक ओळ, जणू फणीच, असते. तिने कोळी हे तंतू विंचरून मुख्य धाग्यावर पिंजलेल्या लोकरीसारखे बसवितो. या पिंजलेल्या तंतूंत किड्याचे पाय व केस अडकतात. असा धागा ताजा असताना उन्हात निळसर दिसतो. मुलांना तो दाखवावा व रंग त्यांनाच सांगू द्यावा.

वर्गात परतल्यावर फळ्यावर 'कोळी' हा शब्द लिहावा आणि विचारावे, 'या प्राण्याला हे नाव का?' किनाऱ्यावरील शाळांत उत्तर तत्काळ येते. दर्यात जाळे टाकणारा तो कोळी आणि भिंतीवर जाळे टाकणारा तोही कोळी. देशावरील मुलांना थोडे सुचवावे लागते. एकच शब्द दोघांना आहे आणि दोघांचे साधनही एक आहे, एवढे मुलांच्या तोंडून आले म्हणजे पुरे. 'कोळिष्टक' व 'जळमट' हे शब्द त्यांना दिवाळीच्या साफसफाईमुळे ठाऊक असतातच.

पुढे संस्कृत नावे घ्यावीत. अमरकोशात कोळ्यास लूता, तंतुवाय, ऊर्णनाभ व मर्कटक अशी चार नावे दिली आहेत. तंतुवाय म्हणजे धागे विणणारा. हे नाव त्याच्या कामावरून पडले. ऊर्णनाभ म्हणजे ज्याच्या नाभीतून लोकर निघते तो. हे त्याच्या शरीरावरून. मुंडकोपनिषदात सृष्टीच्या उत्पत्तीसाठी जो दृष्टांत घेतला आहे, तो याच ऊर्णनाभीचा. वास्तविक सूत नाभीतून निघत नाही, पोटाच्या मागील टोकाकडील अवयवांतून निघते. तथापि नाव ठेवणाऱ्याने पोटातून निघणारे सूत नीट पाहिले होते, यात शंका नाही. मर्कटक या शब्दाशी हिंदीतील 'मकडी'चे नाते आहे. इंग्रजीतील 'स्पायडर' हा शब्द सूत कातणे या अर्थाच्या धातूपासून आला. निरनिराळ्या भाषांतील माणसांनी एकाच प्राण्याकडे पाहिले, आणि कोणाच्या नजरेस जाळे आले, कोणाच्या सूत, कोणाच्या विणकाम. नाव ज्याला मिळाले त्याच्याइतकीच ज्याने ते ठेवले त्याची माहिती नावातून मिळते, हे या दिवसाचे सूत्र होय. दुसऱ्या दिवशीचा सारा पाठ याच सूत्रावर उभा राहावयाचा आहे. म्हणून येथे घाई करू नये.

शास्त्रीय नावांचा भाग मोठ्या मुलांसाठी आहे. तिळाएवढ्या जाळीवाल्या कोळ्यांच्या एका प्रजातीस स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ कार्ल सुंदेवाल यांनी १८३३ साली 'डिक्टिना' हे नाव दिले, व त्यावरून साऱ्या कुळास डिक्टिनिडी म्हणतात. या कुळातील जाती भारतातही आढळतात. ग्रीक भाषेत 'डिक्टिऑन' म्हणजे जाळे. क्रीट बेटावर डिक्टिन्ना नावाच्या देवीची उपासना होत असे. तिची कथा ग्रीक कवी कॅलिमाकस याने सांगितली आहे. ब्रिटोमार्टिस नावाची एक कुमारी मायनॉस राजाच्या पाठलागापासून वाचण्यासाठी नऊ महिने रानोमाळ पळाली, शेवटी तिने कड्यावरून समुद्रात उडी घेतली, आणि कोळ्यांच्या जाळ्यात पडून ती वाचली. म्हणून ती 'जाळ्याची' देवी. काही विद्वान मात्र देवीचे नाव त्याच बेटावरील दिक्ते पर्वताशी जोडतात. नावावरून कथा रचली जाते व मग कथाच नावाचे कारण म्हणून सांगितली जाते, असा प्रकार आपल्या गावांच्या नावांबाबतही पुष्कळदा घडतो. मुलांना आपल्या गावाच्या नावाची कथा विचारून पाहावी. एकाच गावाच्या दोन कथा निघाल्यास दोन्ही लिहून घ्याव्यात.

या कोळ्याच्या अवयवांची नावेही गमतीची आहेत. सूक्ष्म छिद्रांच्या पट्टीला शास्त्रज्ञांनी 'क्रिबेलम' म्हटले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लहानशी चाळणी. पायावरील फणीस 'कॅलॅमिस्ट्रम' म्हटले. रोमन स्त्रिया केस कुरळे करण्यासाठी जी तापविलेली सळई वापरीत, तिचे हे नाव. स्वयंपाकघरातली चाळणी आणि प्रसाधनातली सळई अशा रीतीने कोळ्याच्या अंगावर येऊन बसली.

प्राण्याच्या शास्त्रीय नावाचे दोन शब्द असतात. पहिला प्रजातीचा व दुसरा जातीचा. ही पद्धत लिनिअस याच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून प्रमाण धरली जाते. फक्त कोळ्यांच्या बाबतीत त्याच्या आदल्या वर्षीचा, म्हणजे १७५७ सालचा, क्लर्क याचा स्वीडनमधील कोळ्यांवरील ग्रंथ अपवाद म्हणून मान्य आहे. दुसरा शब्द कधी रूपावरून, कधी स्थळावरून, तर कधी एखाद्या माणसाच्या सन्मानार्थ ठेवतात. बाभळीवरच्या आपल्या कोळ्याचे नाव 'स्टेगोडिफस सारासिनोरम' असे आहे. पॉल व फ्रिट्झ सारासिन या एकाच घराण्यातील दोन स्विस निसर्गशास्त्रज्ञांनी श्रीलंकेत गोळा केलेल्या नमुन्यांवरून कार्श याने १८९२ साली ते ठेवले. शब्दाच्या शेवटचा 'ओरम' हा लॅटिनमधील षष्ठीच्या अनेकवचनाचा प्रत्यय आहे. म्हणजे मराठीत 'सारासिनांचा'. मान एका पुरुषास द्यावयाचा असल्यास 'इ' लागतो, स्त्रीस द्यावयाचा असल्यास 'ए'. विभक्तीचा तास कंटाळवाणा होतो अशी तक्रार करणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण अवश्य वापरून पाहावे.

आणि दिवसाचा शेवट या नावाने करावा : 'इसियस तुकारामी'. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या, उड्या मारून शिकार करणाऱ्या एका लहान कोळ्यास २०२१ साली संशोधकांनी हे नाव दिले. 'तुकारामी' म्हणजे तुकारामाचा. हे तुकाराम म्हणजे मुंबई पोलीस दलातील साहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे. सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यातील केडंबे गावचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीपाशी त्यांनी हातात शस्त्र नसता अतिरेक्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि त्यामुळे तो अतिरेकी जिवंत पकडला गेला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. ज्या नावाने देहूचे संत घरोघरी पोहोचले, तेच नाव शेकडो वर्षांनी सह्याद्रीखालच्या एका गावात एका मुलास ठेवले गेले, आणि तेथून ते एका कोळ्यास मिळाले. मुलांना येथे आपोआपच विचारावेसे वाटते, 'गुरुजी, मग माझे नाव कोठून आले?' हा प्रश्न वर्गातून आला म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या पाठाची वेळ झाली असे समजावे. न आल्यास पाठ एक-दोन दिवस पुढे ढकलण्यास हरकत नाही.

दुसरा दिवस : माणसांची नावे

या दिवशी प्रथम कोणत्याही मुलाचे नाव फळ्यावर घेऊ नये. घरी आजी-आजोबांना विचारून यावे असे आदल्या दिवशी सांगितलेले असते. परंतु प्रश्न अर्थाचा नसावा. 'माझे नाव कोणी ठेवले, केव्हा, आणि तेच का?' असा असावा. अर्थ शब्दकोशात मिळतो. ही माहिती घराबाहेर कोठेही मिळत नाही. बारशाच्या दिवशी आत्याने कानात नाव सांगितले, मुलांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, नाव आधी एक ठरले होते व ऐनवेळी दुसरे निघाले, अशा हकीकती मुले उत्साहाने घेऊन येतात.

त्यांतून नावांचे जे गट पडतील ते मुलांनाच पाडू द्यावेत. काही देवांची व देवस्थानांची असतात, काही संतांची, मुलींत कृष्णा, गोदावरी, भागीरथी, नर्मदा अशी नद्यांची. आदिवासी पाड्यांवरील शाळांत सोम्या, मंगळ्या, बुधी ही जन्मवाराची नावे पुष्कळ दिसतात. 'ही काय नावे झाली' असे म्हणणाऱ्या शिक्षकाने रविवारावरून ठेवलेल्या 'डॉमिनिक' या युरोपीय नावाकडे पाहावे, तेही प्रभूच्या वाराचेच आहे. दौलत, साहेबराव, गुलाब, रेश्मा ही अगदी घरची वाटणारी नावे अरबी-फारसीतून आली आहेत. रेशीम हा शब्दच फारसी, आणि गुलाब म्हणजे मूळ अर्थाने गुलाबपाणी. शिवछत्रपतींचे वडील शहाजीराजे व चुलते शरीफजी यांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवली गेली, अशी परंपरा आहे. वर्गात सलीम असेल तर त्याच्या नावाचा अर्थ 'सुखरूप, निर्दोष' असा आहे, हे शिक्षकांस ठाऊक असावे. ज्या भाषेचा आपणांस परिचय नाही, तिच्यातील नावाचा अर्थ अंदाजाने सांगण्यापेक्षा त्या घरच्या वडीलधाऱ्यांना शाळेत बोलावून विचारलेले बरे. बाजारात मिळणाऱ्या नावांच्या पुस्तकांतील अर्थ बरेचदा लेखकाच्या कल्पनेतून आलेले असतात. त्यांवर विसंबू नये.

आता त्या नावांकडे यावे, ज्यांच्यासाठी हा सारा क्रम बदलला आहे. दगडू, धोंडू, केरबा, भिकू, उकिर्डा ही नावे हिणवण्यासाठी ठेवलेली नव्हती. ज्या घरात एकामागून एक मुले दगावत, तेथे पुढचे मूल जगावे म्हणून आईबाप त्यास मुद्दाम दगडाचे, केराचे, भिकेचे नाव देत. मृत्यूची किंवा दुष्ट दृष्टीची नजर सुंदर वस्तूवर पडते, धोंड्याकडे कोण पाहतो, अशी त्यामागची समजूत. समजूत आज कोणास पटणार नाही. परंतु त्या नावाइतके जपून ठेवलेले नाव दुसरे नाही. दगडूस हे एकदा वर्गासमोर समजले की तो पुन्हा त्याच पद्धतीने खाली पाहत नाही. येथे महर्षी कर्वे यांचे पूर्ण नाव फळ्यावर लिहावे : धोंडो केशव कर्वे. जन्म १८५८, स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापिले १९१६ साली, शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, भारतरत्न. अधिक महिन्यास खेड्यात धोंड्याचा महिना म्हणतात, व त्या महिन्यात जन्मलेल्यासही धोंडू म्हणण्याचा प्रघात आहे. तेव्हा एखाद्या धोंडूचे नाव कोणत्या कारणाने पडले, हे त्याच्या आजीसच विचारावे लागते.

नकुसा किंवा नकोशी या नावाचे तसे नाही. ही गोष्ट शिक्षकांनी स्वतःपाशी स्पष्ट ठेवावी. दगडू हे नाव मूल हवे म्हणून ठेवले गेले. नकुसा हे नाव मुलगी नको होती म्हणून. दोन-तीन मुलींनंतर आणखी मुलगी झाली, आता पुढचा तरी मुलगा व्हावा, म्हणून ते ठेवले जाई. या नावाला मायेचा अर्थ जोडून दाखविण्याचा प्रयत्न करू नये. मुले फसत नाहीत, आणि ती मुलगी तर मुळीच फसत नाही. सातारा जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी या नावाच्या २८५ मुलींना नवी नावे देण्याचा समारंभ झाला व त्यांना नव्या नावांची प्रमाणपत्रे देण्यात आली. नावे मुलींच्या आवडीची होती. हा प्रसंग वर्गात सांगावा. परंतु वर्गात त्या नावाची मुलगी असेल, तर सांगू नये. तिच्याशी व तिच्या आईशी वेगळे, शाळा सुटल्यावर बोलावे. दुसऱ्या दिवशीच्या पाठात तिला स्वतःच्या नावाची हकीकत सांगण्याची सक्ती करू नये. आपल्या आजीच्या किंवा आईच्या नावाची हकीकत आणण्याची मुभा साऱ्या वर्गासच द्यावी, म्हणजे कोणी एकटे पडणार नाही.

नाव बदलण्याची पालकांची इच्छा असल्यास शिक्षकांनी त्यांना वाट दाखवावी : जन्मनोंद, पालकांचा अर्ज, आवश्यक ती राजपत्रातील प्रसिद्धी व सक्षम अधिकाऱ्याची मान्यता. स्वतःच्या अधिकारात जनरल रजिस्टरातील नोंद खोडून दुसरी करणे, हेतू कितीही चांगला असला तरी, मुलीस पुढे दहावीच्या वेळी अडचणीत टाकते. मात्र हाक कोणत्या नावाने मारावी, यास कोणाची मान्यता लागत नाही.

हाकेचा प्रश्न लहान नाही. रजिस्टरात 'दत्तात्रय' व तोंडी 'दत्त्या', रजिस्टरात 'मंगल' व तोंडी 'मंगळी' असे पुष्कळ वर्गांतून चालते. प्रेमाने केलेले आणि तुच्छतेने केलेले लघुरूप कानाला सारखेच लागते. फरक मुलास कळतो. एकाच वर्गात काही मुलांस 'राव' व काहींस 'या' लागत असेल, आणि तो फरक घराच्या वस्तीप्रमाणे पडत असेल, तर शिक्षकांनी आपली जीभ तपासावी. हजेरी पूर्ण नावाने घ्यावी. वेळ दोन मिनिटे अधिक लागतो.

शाळेच्या दप्तरातील नावाचे बळ किती असते, याचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात १९१४ क्रमांकापुढे ते 'भिवा रामजी आंबेडकर' असे आहे. कुटुंबाचे मूळ गाव आंबडवे, त्यावरून आडनाव आंबडवेकर. मुलावर माया असलेल्या एका शिक्षकांनी शाळेच्या दप्तरात त्याचे आडनाव आपल्या आडनावाप्रमाणे आंबेडकर असे नोंदविले, ही हकीकत धनंजय कीर यांच्या १९५४ सालच्या चरित्रात दिली आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. तो याच नोंदीचा दिवस. (ओंबळे, नकुसा आणि ही नोंद, अशी तिन्ही उदाहरणे एकाच जिल्ह्यातील निघाली, हा योगायोग होय; इतर जिल्ह्यांतील शिक्षकांनी आपापली उदाहरणे शोधावीत.)

आईच्या नावाचा विचारही याच दिवशी व्हावा. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरविला आहे. ही मुले आता लवकरच पहिलीच्या दारात येतील. 'आईचे नाव काय?' या प्रश्नास लहान मुले 'आई' असेच उत्तर देतात, आणि मोठ्यांनाही कधी कधी आईचे माहेरचे नाव ठाऊक नसते. लग्नात ताटातील तांदळावर नवे नाव लिहिले गेले व जुने मागे राहिले, अशी एखादी तरी आई प्रत्येक वर्गाच्या पालकांत असते. नोंद कागदपत्रांप्रमाणेच करावी. परंतु मुलांनी आईची दोन्ही नावे विचारून घ्यावीत. या एका प्रश्नाने घरी जे बोलणे निघते, त्यासाठी निराळा स्वाध्याय द्यावा लागत नाही.

तिसरा दिवस : मुलांनी ठेवलेली नावे

तिसऱ्या दिवशी पुन्हा आवारात जावे. प्रत्येक दोन-तीन मुलांच्या गटाने एक कोळी निवडावा, तो पाच मिनिटे स्वस्थ पाहावा, आणि त्यास आपल्या बोलीत एक नाव द्यावे. अट इतकीच, की नावाचे कारण डोळ्यांनी पाहिलेले असावे. जो उड्या मारतो त्यास 'टुणक्या', जो छपराच्या कोपऱ्यात लोंबकळून अंग हलवितो त्यास 'झुलणारा', बाभळीवरच्यांस 'भाऊबंद' अशी नावे येतील. शिक्षकांनी ती सुधारू नयेत. फक्त कारण पटत नसेल तर पुन्हा पाहून येण्यास सांगावे.

वर्गात परतल्यावर नावांचा तक्ता करावा. शास्त्रीय ग्रंथांत प्राण्याच्या नावापुढे ते ठेवणाऱ्याचे नाव व साल लिहिण्याची प्रथा आहे. जसे 'सारासिनोरम' पुढे 'कार्श, १८९२'. तक्त्यातही तसेच तीन रकाने आखावेत : कोळ्यास दिलेले नाव, त्याचे कारण, आणि नाव ठेवणाऱ्यांची नावे व साल. तिसऱ्या रकान्यात मुलांनी स्वतःचे पूर्ण नाव, मध्ये आईचे व वडिलांचे नाव घालून, स्वतःच्या हाताने लिहावे. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. दुसऱ्या कोणी ते लिहून देऊ नये. तक्ता भिंतीवर लावताना त्या कोपऱ्यातील जळमट काढावयाचे की ठेवावयाचे, हा वाद निश्चित निघतो. त्याचा निकाल मुलांवर सोपवावा.